बाळंतपणाला जाताना पुस्तकं कशी न्यावीत?

प्रश्न : नमस्कार. मी सांगलीची, वय एकसष्ट, शाळेतून निवृत्त झालेय. दिवाळी झाली की मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघायचंय, एकटीनंच. मुंबईहून दुबई, तिथं काही तास बसायचं आणि मग पुढचं विमान. मुक्काम साडेचार महिने. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात. त्यातली एक डिंक, आळीव, भाजणी, मेतकूट आणि बाळाची झबली-दुपटी यांनीच भरली. दुसरीत माझ्या कपड्यांबरोबर मी आठ पुस्तकं ठेवली होती, ती ह्यांनी बाहेर काढली. म्हणाले, "फोनवर वाच की!" जावई म्हणतात, "किंडल घेऊन ठेवतो, आल्यावर देतो." मुलगी म्हणते, "आई, इथं तुला वाचायला वेळ मिळेल असं तुला कुणी सांगितलं?" मला रात्री चार पानं वाचल्याशिवाय झोप येत नाही, आणि पुस्तक हातात नसेल तर वाचल्यासारखं वाटत नाही. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टाइपाचा त्रास होतो. शिवाय आईची एक जुनी प्रत आहे, समासात तिच्या हस्ताक्षरातल्या नोंदी असलेली. तीही बरोबर न्यावीशी वाटते. काय करू?
— काट्याला घाबरलेली

उत्तर :

नमस्कार बाई (शाळेतल्या आहात म्हणून बाईच म्हणते),

तुमच्या घरातल्या तिघांपैकी जावयांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, मुलीचं अर्धं बरोबर आहे आणि तुमच्या यजमानांचं साफ चूक आहे. त्यांना हे पत्र वाचून दाखवायला हरकत नाही.

कागद की पडदा हे ठरवण्याआधी एक बघा : तुम्ही नेमकं कधी वाचणार आहात? प्रवासातलं वाचन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे विमानातली खिडकी येते. पण मुंबई ते दुबई तीनेक तास आणि पुढे न्यूयॉर्कच्या बाजूला चौदाएक तास. त्यात दोनदा जेवण, एक मोडकी झोप, शेजारच्याला उठवून बाथरूमला जाणं आणि मुलीच्या काळजीत पडद्यावरचा नकाशा बघत बसणं. तिथं एक पुस्तक पुरून उरतं. तुमचं खरं वाचन पुढच्या साडेचार महिन्यांतलं आहे, आणि ते तान्ह्या बाळाच्या घरातलं आहे.

त्या घरातला वाचनाचा वेळ कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे तीनला मुलीनं बाळाला पाजलं, तुम्ही तिच्याकडून घेतलं, खांद्यावर टाकून ढेकर काढला. आता ते मांडीवर झोपलंय आणि खाली ठेवलं की जागं होणार. डावा हात बाळाच्या डोक्याखाली अडकलेला. खोलीत मिणमिणता दिवा, मुलगी शेजारी झोपलेली. तुम्हाला झोप येत नाही, कारण सांगलीत त्या वेळी दुपारचे दीड वाजलेले असतात आणि पहिला आठवडाभर शरीर सांगलीच्याच घड्याळावर चालतं. वाचायला याहून चांगली वेळ नाही. पण त्या एका हातानं आपलं तीनशे पानांचं मराठी पुस्तक धरून बघा. बांधणी डिंकाची, पाठ ताठ. मध्यात अंगठा घालून ठेवला नाही तर ते आपोआप मिटतं, आणि अंगठा घातला तर पान उलटायला दुसरा हात लागतो. जाडजूड कादंबरी असेल तर पहिल्या शंभर पानांपर्यंत उजवी बाजू जड आणि शेवटच्या शंभरात डावी. मनगट दुखतं ते वेगळंच. दिवा मोठा करायचा तर बाळ आणि बाळंतीण दोघंही उठतात.

इथं जावई म्हणतात ते किंडल, म्हणजे पुस्तकं वाचण्यापुरतं बनवलेलं ॲमेझॉनचं यंत्र, उपयोगी पडतं. दोनेकशे ग्रॅम वजन, अंगठ्यानं नुसतं टेकलं की पान पुढे जातं, मध्येच ठेवून दिलं तरी आपलं पान लक्षात ठेवतं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि मोतीबिंदूनंतर त्या एका सोयीसाठीही ते घ्यावं. शिवाय त्याचा पडदा फोनसारखा नसतो. आत अतिसूक्ष्म कुप्या असतात, प्रत्येकीत काळे आणि पांढरे कण. वीज मिळाली की ते वरखाली सरकतात आणि अक्षर उमटतं, मग वीज नसली तरी ते तसंच राहतं. वीज लागते ती मुख्यत्वे पान बदलताना आणि दिव्याला, म्हणून एकदा चार्ज केलं की दिवसच्या दिवस चालतं. दिवाही कडेनं पडद्यावर पसरतो, थेट डोळ्यांत घुसत नाही. अगदी मंद ठेवून वाचता येतं.

आता फोन. फोनवर वाचता येत नाही असं नाही, लाखो माणसं वाचतात. पण तुमच्या या प्रवासात फोन म्हणजे तिकीट, दुबईतल्या गेटचा नंबर, जावयांचा पत्ता आणि मुलीशी बोलायचं एकमेव साधन आहे. तो कादंबरी वाचण्यात संपवू नका. पॉवर बँक आहे म्हणाल, तर ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, चेक-इनच्या सामानात चालत नाही. दुबईचं विमान एमिरेट्सचं असेल तर त्यांनी १ ऑक्टोबर २०२५ पासून ती विमानात वापरायलाही मनाई केली आहे, नुसती जवळ बाळगता येते. आणि झोपेचं म्हणाल, तर बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बारा तरुणांवर केलेला एक छोटा अभ्यास आहे. झोपण्याआधी प्रकाश फेकणाऱ्या टॅबवर वाचलं, की छापील पुस्तक वाचण्याच्या मानानं झोप लांबते आणि सकाळी मरगळ राहते, असं त्यात दिसलं. बारा माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये. पण साडेदहा तासांचा घड्याळाचा फरक पचवत असताना ही आणखी एक कटकट कशाला? आणि यजमानांना एवढं विचारा, की फोनवर त्यांनी स्वतः शेवटचं पुस्तक कोणतं वाचून संपवलं. व्हॉट्सॲपवर आलेल्या सुविचारांची मोजदाद नको.

तर यंत्र घ्या. पण इथेच मराठी वाचकाची खरी अडचण सुरू होते, आणि ती दुकानातला विक्रेता सांगत नाही, इंग्रजी वाचणाऱ्या जावयांनाही ठाऊक नसते. तुम्हाला हवं ते पुस्तक ई-रूपात असेलच असं नाही. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर विकायला सुरुवात झाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. तेव्हापासून संख्या वाढली हे खरं. पण कित्येक चांगल्या लेखकांचं एखादंच पुस्तक तिथं दिसतं, आणि नेमकं आपल्याला हवं असलेलं नसतं. काही पुस्तकं बुकगंगा या मराठी पुस्तकं विकणाऱ्या संकेतस्थळावर ई-पुस्तक म्हणून मिळतात, पण ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात. म्हणजे फोनवर किंवा टॅबवर, जावयांच्या किंडलवर नाही. आणि काही फक्त कागदावरच आहेत.

म्हणून ती बाहेर काढलेली आठ पुस्तकं समोर घेऊन बसा आणि एकेकाचं नाव टाकून शोधा. पुस्तक सापडलं तरी लगेच पैसे देऊ नका, आधी नमुन्याची पानं फुकट उतरवून बघा. मराठी ई-पुस्तकांत जोडाक्षरं तुटलेली, रफार भलतीकडे गेलेला, परिच्छेद एकमेकांत घुसलेले, असे प्रकार निघतात. नमुन्यातच हे दिसलं तर ते पुस्तक सोडून द्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर तुम्हाला पहिल्याच पानावर दिसतील आणि तुम्ही लाल पेन शोधायला लागाल.

दुसरी अडचण फुकट मिळणाऱ्या पुस्तकांची. ई-साहित्य प्रतिष्ठान, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्याकडे विनामूल्य उतरवून घेता येण्याजोगं पुष्कळ आहे, पण ते बहुतेक पीडीएफमध्ये. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. तो सहा इंची पडद्यावर आला की मुंगीएवढी अक्षरं दिसतात. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे ढकलत बसावं लागतं. कुणीतरी हुशारी करून म्हणेल, बदलून घेऊ ना किंडलला चालेल असं! तसं करायला गेलं की श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टांत जुळवलेल्या पुस्तकांचं रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं होतं, कारण त्या फॉण्टांत देवनागरी अक्षराच्या जागी संगणकाला भलतंच अक्षर दिसत असतं. अशी पीडीएफ पुस्तकं वाचायची असतील तर मुलीच्या घरी दहा इंची टॅब आहे का विचारा, आणि ती दिवसा वाचा.

याला एक चांगला अपवाद आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. त्यामुळे हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, साने गुरुजी हे सगळे आता खुले आहेत. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या खुल्या ग्रंथालयात अशा जुन्या लेखनातलं जे टाइप करून ठेवलेलं आहे, ते ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) म्हणून उतरवता येतं, आणि २०२२ पासून ईपबची फाइल ॲमेझॉनच्या सोयीनं किंडलवर पाठवता येते. टाइप केलेलं असल्यामुळे अक्षर कितीही मोठं करा, ओळी नीट राहतात. तिथंही सगळं मिळेल असं नाही, पण शाळेत शिकवलेलं पुन्हा निवांत वाचायला मजा येते, आणि वाचवलेल्या पैशांत दोन नवी पुस्तकं येतात.

तिसरी अडचण खात्याची, आणि ही आजच जावयांना कळवा. त्यांनी यंत्र त्यांच्या अमेरिकेतल्या खात्याला जोडलं, तर तुम्ही इथल्या खात्यावर घेतलेली मराठी पुस्तकं त्यावर येणार नाहीत. उलट त्यांची इंग्रजी व्यवस्थापनशास्त्राची पुस्तकं मात्र तुमच्यासमोर हजर होतील. त्यांना म्हणावं, डबा उघडू नका, मी आल्यावर माझ्या खात्याला जोडू. तुम्ही सांगलीतून निघायच्या आधी आपल्याच भारतीय खात्यावर, आपल्याच कार्डानं पुस्तकं घेऊन ठेवा. तिथं पोचल्यावर पैसे भरायला गेलात की बँकेचा ओटीपी इथल्या सिमवर येणार, आणि ते सिम तिकडे चालू असेल की नाही कोण जाणे.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. जावई यंत्र देणार ते तिथं पोचल्यावर. म्हणजे विमानात आणि दुबईच्या विमानतळावर तुमच्या हातात कागदच असणार आहे. ठीकच आहे. मात्र त्यासाठी नवी, जाड, पात्रांनी भरलेली कादंबरी घेऊ नका. तुमचं मन न्यू जर्सीत असेल, तिसऱ्या पानावर पहिल्या पानावरची मावशी कोण ते विसराल. कथा, ललित लेख, आधी वाचलेलं आणि आवडलेलं असं काहीतरी बारीकसं घ्या. लांबच्या विमानात जेवण झालं की सगळे दिवे मालवतात. डोक्यावरच्या वाचनदिव्याचं बटण बसल्याबसल्याच शोधून ठेवा, नाहीतर अंधारात हवाईसुंदरीला बोलवायचं बटण दाबलं जातं.

आता उरलेल्या छापील पुस्तकांचं. तीनशे पानांचं नेहमीच्या आकाराचं पुस्तक साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतं. तुमच्या आठांचे झाले तीन किलो. यजमानांनी ती बाहेर काढली त्यात तेवढं तथ्य आहे, पण तीन किलोंचं शून्य किलो करायची गरज नव्हती. तीन पुस्तकं न्या आणि निवड अशी करा : जे ई-रूपात मिळतच नाही ते आधी. मग कविता, ओव्या, अभंग. यंत्रात अक्षर मोठं केलं की ओवीचा चरण अर्ध्यावर तुटून खालच्या ओळीत जातो, आणि म्हणताना अडखळायला होतं. कवितेला पान लागतं. तसंच ज्यात वंशावळी, नकाशे, तळटिपा आहेत आणि सारखं मागे जाऊन बघावं लागतं, तेही कागदावरच बरं. यंत्रात चाळीस पानं मागे जाऊन पुन्हा जागेवर येणं म्हणजे वैताग आहे. "ते डावीकडच्या पानावर, खालच्या बाजूला होतं" ही जी आपली आठवण असते, ती यंत्रावर चालत नाही, कारण अक्षराचा आकार बदलला की पानच बदलतं. पुस्तक हातात नसेल तर वाचल्यासारखं वाटत नाही, असं तुम्ही म्हणता, त्यातला हा भाग मला पटतो. कागदाच्या वासाबद्दल मात्र मला फारसं बोलायचं नाही. पहाटे तीनला बाळाच्या तेलाचा आणि दुधाचा वास इतका असतो की कागदाचा कुणाला येणार?

दिवाळी झाल्यावर निघताय, तर एक-दोन दिवाळी अंक जरूर घ्या. तुटक वाचनाला याच्याइतकं सोयीचं काही नाही. एका ढेकरात एक कविता, एका झोपेत एक कथा. फक्त घेताना हातात तोलून बघा. गुळगुळीत कागदावर जाहिराती छापलेले अंक भलते जड असतात, साध्या कागदाचे हलके. वाचून झाल्यावर ते परत आणायचे नाहीत. तिथल्या महाराष्ट्र मंडळात कुणालातरी देऊन टाका, आनंदानं घेतील. त्याच वेळी त्यांच्याकडे मराठी पुस्तकांचं कपाट आहे का तेही विचारा, बऱ्याच गावांत कुणा एकाच्या तळघरात ते असतं. मुलीच्या नावावर तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलेलं असेल तर इंग्रजी वाचनाची चिंता नाही. पुस्तकं फुकट मिळतात, ई-पुस्तकंही.

ऐकायची पुस्तकं हाही एक मार्ग आहे. स्टोरीटेलवर मराठी बरंच काही आहे. डोळे थकतील तेव्हा, किंवा दुपटी घडी करताना ऐका. एका कानात लावा, दुसरा बाळासाठी मोकळा ठेवा.

आईच्या प्रतीचं मी जरा वेगळं सांगते. ती चेक-इनच्या बॅगेत तर नाहीच ठेवायची. बॅग दुबईला राहिली आणि चार दिवसांनी आली, तर कपड्यांचं काही वाटणार नाही, पण त्या प्रतीसाठी तुमचा जीव टांगणीला लागेल. वाचायला म्हणून नेत असाल तर नेऊच नका. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून, समासात आईचं अक्षर आहे तेवढ्या पानांचे फोटो काढा आणि फोनमध्ये ठेवा. मात्र ती मुलीच्या हाती सोपवायची असं मनात असेल, तर सुती कापडात गुंडाळून हातातल्या बॅगेत घाला आणि तिथंच ठेवून या. ही सोय यंत्रातल्या पुस्तकात नाही. ते आपण विकत घेतो असं वाटतं, पण खरं तर वाचायची परवानगी घेतो. २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या हक्कांच्या भानगडीपायी ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकल्या होत्या. त्यात एका विद्यार्थ्यानं अभ्यासासाठी केलेल्या नोंदी कोणत्या मजकुरावरच्या हेच कळेनासं झालं. पुढे कंपनीनं माफी मागितली. पण विकत घेतलेली फाइल संगणकावर उतरवून तारेनं किंडलवर घालायची जुनी सोयही त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून टाकली. साडेचार महिन्यांच्या वाचनाला याचा काही त्रास नाही. नातीला द्यायचं पुस्तक मात्र कागदाचंच घ्या.

नातीवरून (किंवा नातवावरून) आठवलं, बडबडगीतांचं एक छापील पुस्तक बाळाच्या बॅगेत घाला. ती तुम्हाला तोंडपाठ असतील, जावयांना नसतील. तुम्ही परत आल्यावर ते म्हणणार आहेत.

निघायच्या दोन दिवस आधी एक करा. किंडलचं ॲप फोनमध्ये घालून घेतलेलं प्रत्येक पुस्तक उतरवा. मग फोन विमानाच्या मोडवर टाका आणि एकेक पुस्तक उघडून दहा-बारा पानं पुढे जाऊन बघा. जे उघडणार नाही ते उतरलेलं नाही, नुसतं मुखपृष्ठ आलंय. तिकडे यंत्र तुमच्या खात्याला जोडलं की हीच पुस्तकं त्यावरही उतरवून घेता येतील.

तीन पुस्तकं आणि दोन हलके अंक मिळून दोन किलोंच्या आसपास होतील. तेवढी जागा मेतकुटाच्या दुसऱ्या पिशवीतून निघेल, ते न्यू जर्सीतही मिळतं. उरलेली पाच पुस्तकं यजमानांच्या उशाशी ठेवून जा. साडेचार महिने ते एकटेच आहेत घरात, आणि फोनवर वाचायचं असेल तर त्यांना कुणी अडवलेलं नाही.